चल रे भोपळ्या: मुलांसोबत घरच्या घरी गोष्टीची ॲनिमेशन फिल्म कशी करावी

मे महिन्यात बडोद्याची दुपार म्हणजे मुलांना घरातली कैद. तीन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी माझी भाची आणि शेजारची दोन मुलं मोबाइलवर एकामागून एक परीकथांची कार्टून बघत बसली होती. सगळी चकचकीत, सगळी दुसऱ्याच कुठल्या देशातली, आणि भाषा कधी हिंदी तर कधी इंग्रजी. आतल्या खोलीत माझी आई होती. तिला निदान तीस गोष्टी तोंडपाठ आहेत. त्या दुपारी आम्ही ठरवलं की त्यातली एक गोष्ट आपण हलत्या चित्रांत करायची. तेव्हापासून दर सुट्टीत एक फिल्म होते. पहिल्या वेळी झालेल्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून सगळं क्रमानं लिहिते आहे.

पद्धत साधी आहे: कागदी बाहुल्या थोड्या थोड्या सरकवायच्या, दर वेळी एक फोटो काढायचा, आणि ते फोटो भरभर दाखवले की चित्र हलतं. सामान घरातलंच लागतं: एक मोबाइल, कात्री, जुन्या लग्नपत्रिका, चार्ट पेपर, सुई-दोरा, दोन टेबल लॅम्प. रोज तासभर दिलात तर दहा-बारा दिवसांत दोन-सव्वादोन मिनिटांची फिल्म होते. त्याहून मोठी करायला जाऊ नका, मुलांचा धीर तेवढाच असतो.

गोष्ट कोणती घ्यावी

पहिल्या फिल्मला म्हातारी आणि भोपळ्याचीच गोष्ट घ्या, असं मी आग्रहानं सांगेन. ॲनिमेशनमध्ये सगळ्यात अवघड असतं चालणं. दोन पाय, दोन हात, वर-खाली होणारं डोकं, हे सगळं प्रत्येक फोटोला थोडं थोडं हलवायचं. या गोष्टीत अर्ध्या वाटेनंतर म्हातारी भोपळ्यात बसते. मग हलवायचा तो एक गोल पुठ्ठा, आणि बोलताना तोंडही दाखवावं लागत नाही, कारण आवाज आतून येतो. एकच प्रसंग तीनदा घडतो, म्हणजे एकदा काढलेलं जंगल तीनदा वापरता येतं. आणि धृपद असं की दोन वर्षांचं पोरही सोबत म्हणतं.

चिऊ-काऊची गोष्टही सोपी आहे, पण त्यात पाऊस आहे, आणि कागदाचा पाऊस करताना मोठी माणसंसुद्धा टेकीला येतात. माकड आणि मगरीची पंचतंत्रातली गोष्ट दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. सिंड्रेलासारख्या गोष्टीत घोडागाडी, नाच, झगे असं सगळं येतं. हात बसल्यावर तीही करता येईल.

इथेच एक गोष्ट स्पष्ट करते, कारण पालक हमखास विचारतात. लोककथा कुणाच्या मालकीची नसते. ग्रिम बंधूंचा पहिला खंड १८१२ सालचा, त्यातल्या गोष्टी कुणीही घ्याव्यात. पण त्याच गोष्टीवर नंतर कुणी केलेली चित्रं, गाणी, संवाद हे त्या करणाऱ्याचे असतात. हिमगौरीचे सात बुटके मूळ कथेत बिननावाचे आहेत. आज सगळ्या जगाला माहीत असलेली त्यांची नावं १९३७ च्या डिस्नेच्या चित्रपटातून आली. मुलं अगदी सहजपणे तेच चेहरे, तेच कपडे काढतात. त्यांना रागावू नका, फक्त विचारा, 'तुझी हिमगौरी कशी दिसते?' आपल्याकडच्या १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लिखाणावर हक्क असतो. म्हणून अलीकडच्या पुस्तकातली गोष्ट शब्दशः उचलू नये. आजीच्या तोंडची घ्यावी.

काय बदलायचं, काय नाही

मुलांना गोष्ट आपल्या गावात आणायची असते, आणि आणू द्यावी. आमच्या म्हातारीचं घर जुन्या शहरातल्या मांडवीजवळ आहे आणि लेक राहते विश्वामित्री नदीच्या पलीकडे. वाटेत वडाची झाडं आहेत. नदी आल्याबरोबर मुलं एकसुरात ओरडली, 'मगर!' बडोद्याच्या मुलांना मगर पुस्तकात बघावी लागत नाही. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीतल्या मगरी थेट वस्त्यांमध्ये आल्या होत्या, ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. तेव्हा कोल्हा, मगर आणि वाघ असे आमचे तिघं ठरले.

मग भाचीनं विचारलं, नदीत भोपळा टुणुक टुणुक कसा जाईल? तो तर तरंगेल. खरंच होतं. वाळलेला पोकळ भोपळा पाण्यावर तरंगतो, पूर्वी पोहायला शिकणारे तो कमरेला बांधत. म्हणून नदीपुरतं आमचं धृपद झालं 'चल रे भोपळ्या डुबुक डुबुक'. बदल करावा तो असा, गोष्टीच्या पोटातून आलेला. तीन भेटी, म्हातारीची युक्ती आणि धृपदाची चाल यांना मात्र हात लावू नका. या तिन्हींवर गोष्ट उभी आहे.

वाघाला प्रेमळ करण्याचा मोह टाळा. 'मुलं घाबरतील' म्हणून वाघानं शेवटी म्हातारीशी मैत्री करावी, असं एका शेजारणीनं सुचवलं होतं. आम्ही तसं करून आईला सांगितलं. ती म्हणाली, 'मग ती भोपळ्यात कशाला बसली?' वाघ खाणाराच हवा. भीती किती दाखवायची ते घरातल्या सगळ्यात लहान मुलाला चित्र दाखवून ठरवा. आमच्याकडे दात काढून टाकले आणि डोळे मोठे ठेवले, तेवढ्यानं भागलं.

आवाज आधी

या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: फोटो काढायच्या आधी आवाज रेकॉर्ड करा. मोठ्या स्टुडिओतही संवाद आधी रेकॉर्ड होतात आणि चित्रं त्यांच्या मापानं बनतात. आम्ही पहिल्या वर्षी उलटं केलं. चित्रं झाली, मग आईला म्हटलं, याच्यावर बोल. ती बिचारी पडद्याकडे बघत घाईघाईनं वाक्यं कोंबत होती. तिच्या सांगण्यातली सगळी गंमत गेली. ती फिल्म मी आजही मन लावून बघू शकत नाही.

रेकॉर्डिंग पहाटे किंवा रात्री करा. पंखा, फ्रिज, कूलर बंद. गाद्या-उशा असलेली खोली चांगली, कारण तिथे आवाज घुमत नाही. फोन तोंडापासून वीतभर लांब, थोडा बाजूला, म्हणजे प आणि फ चे फटकारे बसत नाहीत. आजीसमोर कागद ठेवू नका. समोर मूल बसवा आणि त्याला गोष्ट सांगायला लावा. पूर्ण गोष्ट तीनदा रेकॉर्ड करा. बहुतेक दुसऱ्या वेळची सगळ्यात छान निघते.

आजीची भाषा सुधारू नका. बडोद्याच्या मराठीत गुजराती शब्द सहज येतात. आईच्या तोंडी कोल्हा म्हणतो, 'म्हातारे, धीमे धीमे चालली कुठे?' पुण्याच्या पाहुण्यांनी ते दुरुस्त करायला सांगितलं, आम्ही तसंच ठेवलं. मुलं जी मराठी घरात ऐकतात तीच फिल्ममध्ये ऐकली की ती आपली वाटते.

जनावरांचे आवाज मुलांचे. वाघ करायला रिकाम्या कळशीत तोंड घालून बोलायचं, घरभर घुमतं. नदीसाठी सुपात तांदूळ हलक्या हातानं फिरवा. टुणुकसाठी पालथ्या स्टीलच्या डब्यावर बोटं.

मोजणी

आता रेकॉर्डिंग ऐकत प्रत्येक वाक्य किती सेकंदांचं ते वहीत लिहा. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. मुलांसोबत ८ पुरे. हालचाल किंचित झटक्यानं होते, पण कागदी चित्रांना ती शोभते. सव्वादोन मिनिटं म्हणजे १३५ सेकंद, म्हणजे १०८० चित्रं. आकडा बघून घाबरू नका. म्हातारी नुसती उभी राहून ऐकत असते तेव्हा एकच फोटो ॲपमध्ये दहा-बारा वेळा वाढवता येतो. प्रत्यक्षात आम्हाला पाचशेच्या आसपास फोटो लागतात.

'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' हे आईच्या तोंडी तीन सेकंदांत बसतं, म्हणजे २४ फोटो. एक 'टुणुक' साधारण अर्ध्या सेकंदाचं, म्हणजे चार फोटो: जमिनीवर दबलेला भोपळा, वर जाताना उभट, टोकाला गोल, खाली येताना पुन्हा उभट. पुढच्या टुणुकला परत दबलेला. हे चार नीट जमले की भोपळ्यात जीव येतो. त्यासाठी तीन भोपळे कापा: गोल, चपटा आणि उभट. चपटा करताना रुंदी वाढवायला विसरू नका. उंची कमी करून रुंदी तेवढीच ठेवली तर भोपळा दबलेला न दिसता लहान झालेला दिसतो.

उड्यांच्या मधे भोपळा घरंगळवायचा असेल तर थोडं गणित आहे, आणि पाचवी-सहावीतल्या मुलांना ते करायला फार आवडतं. १० सेंटिमीटर व्यासाच्या भोपळ्याचा परीघ ३१.४ सेंटिमीटर. एका फेरीचे आठ भाग केले तर प्रत्येक फोटोला भोपळा एक अष्टमांश फिरवायचा आणि साधारण ४ सेंटिमीटर पुढे सरकवायचा. पुढे कमी सरकवला तर तो जागच्या जागी घसरल्यासारखा दिसतो, जास्त सरकवला तर बर्फावरून गेल्यासारखा. भोपळ्यावर ठळक फाका काढा, नाहीतर फिरतोय हे कळतच नाही.

कापाकापी

बाहुल्यांना लग्नपत्रिकेचा कागद उत्तम. जाड असतो, वाकत नाही, आणि प्रत्येक घरात गठ्ठा पडलेला असतो. सांध्याला सुईनं भोक पाडून दोरा ओवा, दोन्ही बाजूंना गाठ मारा आणि गाठीवर फेविकॉलचा थेंब लावा. सांधा ढिला नको, ठेवला तिथे थांबला पाहिजे.

म्हातारीला सांधे दोनच: मान आणि काठीचा हात. मुलांना तिला नऊवारीच नेसवायची होती, आणि काष्ट्यात पाय दिसतात. मग चालणं आलं. तोडगा साधा निघाला. तिच्या पायांपुढे गवताची हिरवी पट्टी ठेवली. ती पट्टीमागून पुढे सरकते, प्रत्येक दुसऱ्या फोटोला किंचित पुढे झुकते, काठी टेकते. कुणालाही पाय आठवत नाहीत. वाघ-कोल्ह्याचा खालचा जबडा वेगळा कापा. बोलताना दोन फोटो उघडा, दोन फोटो मिटलेला, एवढं पुरतं. ओठांची हालचाल शब्दाशी जुळवत बसू नका. मगरीची शेपटी तीन तुकड्यांची करा, ती हललेली फार छान दिसते.

पाण्याला उत्तरायणानंतर उरलेले निळे पतंग काढा. तो कागद फाडून लांब लाटा करायच्या, एकावर एक तीन थर, आणि प्रत्येक फोटोला एक थर डावीकडे तर दुसरा उजवीकडे सेंटिमीटरभर. भोपळा मधल्या थरात खोचायचा. आमच्या फिल्ममधलं हे मला सगळ्यात आवडणारं दृश्य आहे.

'माझं चित्र चांगलं नाही' म्हणून एखादं मूल मागे सरत असेल तर सावल्यांची फिल्म करा. जर्मनीच्या लोटे रायनिगर यांनी १९२२ साली सिंड्रेलाची गोष्ट काळ्या कागदाच्या, कात्रीनं कापलेल्या आकृत्यांनी सांगितली होती. घरी काचेच्या टीपॉयवर बटर पेपर पसरा, खालून दिवा लावा, काळ्या चार्ट पेपरच्या आकृत्या ठेवा. चेहरा, रंग, काहीच काढावं लागत नाही. बाहेरची कड मात्र बोलकी हवी: वाघाचे कान, म्हातारीचा अंबाडा, काठीचं वळण.

पाट, खलबत्ता आणि दिवे

फोन वरून खाली बघणारा हवा. दोन स्टूल, त्यांच्या मधे जमिनीवर चार्ट पेपर. एका स्टुलावर पाट असा ठेवा की त्याचं टोक कागदाच्या मध्यावर येईल, फोन त्या टोकाला कॅमेरा बाहेर ठेवून टेपनं घट्ट बांधा, आणि पाटाच्या मागच्या टोकावर खलबत्ता ठेवा. दुसरं स्टूल दिव्यासाठी. एकदा फोन बसला की कागदाच्या चारी कोपऱ्यांना जमिनीवर टेपच्या खुणा करा. कुणाचा तरी पाय लागतोच.

खिडकीच्या उजेडात शूट करू नका. पहिल्या वर्षी आम्ही तीनशे फोटो दुपारच्या उजेडात काढले. चालवून बघितलं तर दर सेकंदाला चित्र उजळतंय आणि काळवंडतंय, कारण ऊन सरकत होतं आणि फोन प्रत्येक फोटोला स्वतःच उजेड ठरवत होता. सगळे फोटो टाकून द्यावे लागले, आणि सहा वर्षांचं पोर रडलं. तेव्हापासून पडदे ओढायचे, दोन्ही बाजूंनी सारखेच एलईडी बल्ब तिरपे लावायचे आणि कॅमेऱ्यात बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करायचा. पांढरा शर्ट घालून कागदावर वाकू नका, त्याचाही उजेड पडतो. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा.

पंखा बंद ठेवावा लागतो, आणि बडोद्याच्या मे महिन्यात हा या कामातला सगळ्यात मोठा त्याग आहे. सकाळी सात ते आठ शूटिंग करा. बाहुल्यांच्या पाठीला ब्लू टॅकचा (कागद चिकटवायच्या मऊ पुटीचा) मुगाएवढा गोळा लावला तर हलका वारा चालतो.

शूटिंग

ॲप म्हणून आम्ही स्टॉप मोशन स्टुडिओ वापरतो. त्याच्या मोफत आवृत्तीत आपलं काम होतं. आधीच्या फोटोची फिकट छाया स्क्रीनवर दिसते, त्यामुळे किती सरकवायचं ते कळतं. सुरुवातीलाच वेग सेकंदाला ८ ठेवा.

कामं वाटून द्या. चार-पाच वर्षांचं मूल आकडे मोजतं आणि प्रत्येक फोटोआधी ओरडतं, 'हात बाहेर!' सात-आठ वर्षांची मुलं बाहुल्या सरकवतात. एका वेळी एका बाहुलीला एकच मूल, नाहीतर भांडणं. मोठं मूल वही बघून सांगतं, 'आता वाघाचं तोंड उघड, दोन फोटो.' बटण दाबताना फोन हलू नये म्हणून सेल्फी स्टिकचं ब्लूटूथ बटण जोडून बघा. पाऊण तासापेक्षा जास्त बसवू नका, आणि थांबायचं ते दृश्य संपल्यावरच. अर्धवट सोडलेली बाहुली दुसऱ्या दिवशी तिथे कधीच नसते.

लांबचा प्रवास दाखवायला भोपळा मधोमध ठेवा आणि मागचं चित्र सरकवा. तीन-चार चार्ट पेपर गुंदरपट्टीनं (चिकटपट्टीनं) जोडून लांब पट्टा करा, त्यावर मुलांनी मांडवी, सुरसागर तलाव, वड, नदी, जंगल असं क्रमानं काढावं. प्रत्येक फोटोला पट्टा २ सेंटिमीटर मागे ओढायचा. दर पंधरा-वीस फोटोंनी चालवून बघा. मुलांना ते हलताना दिसलं की थकवा कुठल्या कुठे पळतो.

कधीतरी मुलांना घेऊन कलाभवनापर्यंत चक्कर मारा. आज तिथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची इंजिनिअरिंगची फॅकल्टी आहे. १८९० च्या सुमारास दादासाहेब फाळके या कलाभवनात शिकायला आले होते. पुढे १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' ही छोटी फिल्म केली, त्यात आगकाड्या स्वतःहून हलतात. पद्धत हीच: थोडं सरकव, चित्र घे, पुन्हा सरकव. हे ऐकल्यावर भाची घरी येऊन काड्यापेटी शोधायला लागली. गुल लावलेल्या नाहीत अशा, म्हणजे आइस्क्रीमच्या काड्या देऊन मी तिची समजूत काढली.

दुसरी भाषा

हीच गोष्ट गुजरातीतही आहे. तिथली डोशी म्हणते, 'दीकरीने घेर जावा दे, ताजीमाजी थावा दे,' म्हणजे लेकीच्या घरी जाऊ दे, धष्टपुष्ट होऊ दे. आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांनी आग्रह धरला की त्यांच्या बाचा, म्हणजे आजीचा, आवाजही घ्यायचा. चित्रं तीच, आवाज दोन. बडोद्यात याहून चांगलं काय असणार!

अडचण एकच येते: दोन आज्यांचं एकच वाक्य सारख्या वेळात संपत नाही. म्हणून दोन्ही आवाज शूटिंगच्या आधीच घ्या आणि वहीत दोन रकाने करा. जे वाक्य लांब असेल त्याच्या मापानं फोटो काढा. आखूड भाषेत उरलेल्या जागेत जनावराला जीभ फिरवू द्या, म्हातारीला काठी टेकवू द्या. जबडा फक्त उघड-मीट होतो, त्यामुळे तो दोन्ही भाषांना चालतो. धृपद मात्र दोघींकडून डब्याच्या एकाच ठेक्यावर म्हणवून घ्या, नाहीतर उडी आणि शब्द जुळणार नाहीत.

जोडणी आणि दाखवणं

आवाज आणि चित्र फोनवरच्या कुठल्याही साध्या व्हिडिओ ॲपमध्ये जोडता येतात. आधी आजीचा आवाज टाका, मग ठेका, शेवटी नदी आणि वारा अगदी हळू. तयार गाणं मागे लावू नका. ते दुसऱ्याचं असतं, आणि आजीच्या आवाजावर चढतं. नावांच्या पाट्या मुलांच्या हस्ताक्षरात, चुकलेल्या वेलांटीसकट. फिल्म यूट्यूबवर टाकायची असेल तर ती मुलांसाठी आहे अशी खूण करा आणि मुलांची आडनावं, शाळा, चेहरे यांतलं काही देऊ नका. आम्ही लिंक फक्त नातेवाइकांना पाठवतो.

मे महिन्यात केलेली फिल्म आम्ही गणपतीत सोसायटीच्या मांडवात, आरतीनंतर, पांढऱ्या चादरीवर दाखवतो. आधी मराठी, मग गुजराती. मागच्या वर्षी दुसऱ्या खेळात डुबुक डुबुकला पुढे बसलेली सगळी पोरं मराठीतच ओरडली, आणि शेजारच्या बांनी आईचा हात धरून विचारलं, पुढच्या वर्षी कुठली?

दुसऱ्या दिवशी बाहुल्या एका मोठ्या पाकिटात सपाट ठेवा, तिन्ही भोपळे आणि मापांची वही सोबत. मगरीची शेपटी आधी काढून वेगळ्या कागदात गुंडाळा, ती तुटते.